रस्त्यात झोपलेला शिपाई

गेली पुष्कळ वर्षे माझा एक नेम आहे. भाऊबिजेच्या पहाटे नांदेडहून लातूरची पहिली एस.टी. धरावयाची. मांडीवर पितळी डबा असतो. डब्यात आमच्या घरचे अनारसे असतात. आणि लातूरला पोचून अक्काने झाकण काढले की अनारशांच्या जागी चुरा असतो. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी ही वाट. प्रत्येक गावाच्या तोंडाशी गाडी एकदा उडे, पाठोपाठ डब्यात बारीकसा आवाज होई आणि शेजारचा प्रवासी माझ्याकडे सहानुभूतीने पाही. पुढे पुढे तर डोळे मिटून बसलो तरी आदळण्याच्या तऱ्हेवरून गाव कोणते ते मी सांगू शकत असे.

आता तो रस्ता रुंद झाला आहे. वाटेवरचे पुष्कळ उंचवटे उखडले गेले आहेत. तरीदेखील अनारसे शाबूत पोचत नाहीत, कारण लातुरात अक्काच्या घरापासून दहा पावलांवर एक गतिरोधक आहे आणि बाकीच्यांनी सोडलेले काम तो एकटा करतो. ऑटोरिक्षा त्यावर चढते तेव्हा मी आणि डबा, आम्ही दोघेही छताला लागून खाली येतो.

‘गतिरोधक’ हा शब्द सरकारी. आमच्याकडे लोक ‘ब्रेकर’ म्हणतात आणि मोकळे होतात. विलायतेतल्या लोकांनी त्याला ‘झोपलेला पोलीस’ असे नाव दिले आहे. मला ते फार आवडले. उभ्या शिपायाची नजर चुकवून पळता येते. आडव्या पडलेल्याला चुकवून जायला वाटच नसते.

या शिपायावरून अक्काचे आणि माझे दरवर्षी भांडण होते. ओवाळून झाले, पाटावरून उठलो, चहाचा पेला हातात आला की ते सुरू होते. मी त्याच्या बाजूचा. अक्का त्याच्या विरुद्ध.

“तुला काय होतंय बोलायला!” अक्का म्हणते. “तुझ्या उशाशी नाही तो. रात्री उसाची ट्रॉली गेली की मांडणीवरचे तांबे वाजतात. तांबे वाजले की मी अंगणात जाऊन उभी राहते. तुझे दाजी म्हणतात, ट्रॉली होती, चल आत. असंल ट्रॉली. त्या रात्रीबी आधी भांडीच वाजली होती.”

‘त्या रात्री’ म्हणजे कोणत्या, हे लातूरच्या माणसाला विचारावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसे दमून निजलेली. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची भूमी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अक्काचे घर उभे राहिले; पण तेव्हापासून तिची झोप मात्र तांब्याला बांधलेली आहे. अशा बाईपुढे वाहतुकीच्या शिस्तीवर व्याख्यान देण्यात काय हशील? तरीही मी ते दरवर्षी देत असे. त्याला माझ्यापाशीही कारण होते. ते पुढे सांगतो.

वाद मिटेना तेव्हा मी या उंचवट्याची कुळकथा शोधायला बसलो. सेवानिवृत्त मास्तराला याहून बरा उद्योग कोणता?

वाटचालीला अडवून सावध करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या घराला उंबरठा असतो. जुन्या वाड्यातला उंबरठा चांगला वीतभर उंच आणि चौकट ठेंगणी. धावत येणारा माणूस आपोआप थांबतो, वाकतो, मग पाय उचलून आत टाकतो. नवी सूनसुद्धा माप ओलांडायला तिथेच थांबते. घराचे झाले तेच गावाच्या वेशीचे, आणि वेशीचे झाले तेच किल्ल्याचे. आमच्या भागात औसा, उदगीर, कंधार असे तीन नामांकित भुईकोट आहेत. सहलीला मुलांना घेऊन मी पुष्कळदा गेलो आहे. दख्खनच्या अशा कोटांत दरवाजा बहुधा समोरासमोर सापडत नाही. एक दरवाजा ओलांडावा, भिंतीला वळसा घालावा, मग दुसरा. याचे कारण मुलांना सांगताना मी हत्ती होऊन दाखवीत असे. दरवाजा फोडायचा तर हत्तीला धाव घ्यावी लागते. धाव घ्यायला सरळ वाट लागते. आणि वाटच मोडून ठेवली तर एवढे मोठे जनावर दरवाजापाशी गरीब गाईसारखे उभे राहते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उदगिरावर निझामाला नमविले, तो पराक्रम सगळ्यांना पाठ आहे. त्या कोटाचे वळण मोजणारा मात्र विरळा. वेग माणसाच्या सांगण्याने कमी होत नाही, वाटेच्या आकाराने होतो, एवढे त्या काळच्या गवंड्याला ठाऊक होते.

लातुरातच याचा एक सुंदर दाखला आहे आणि अक्का रोज त्याला वळसा घालून भाजी आणते. गंजगोलाई! नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा केला आणि १९१७ साली ही गोल इमारत उभी राहिली. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती दुमजली बाजार आणि चहूकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफापासून चांभारापर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत एकेका मालाची एकेक वाट. ही रचना बाजारासाठी केलेली, मोटारीसाठी नव्हे. पण तिचा गुण मोटारीलाही लागू पडतो. कोणत्याही रस्त्याने या, पुढे देवी आडवी आहे. तुम्हाला वळावेच लागते, आणि वळणारा माणूस भरधाव जाऊ शकत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबस चौकात गाड्या एकाच दिशेने गोल फिरविण्याची रीत १९०५ साली पडली. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी आमच्या निजामी मुलखातल्या एका व्यापारी गावात हा गोल उभा राहिला. आता तिथे हातगाड्यांची आणि फेरीवाल्यांची इतकी दाटी असते की वेग आवरण्याचा प्रश्नच उरलेला नाही; चालणाऱ्यालाच पुढे सरकायला मिळाले तर नवल.

त्या काळी आवरण्याजोगा वेग तरी होता कुठे? नांदेडवरून हैदराबाद–मनमाड आगगाडी १९०० च्या सुमारास धावू लागली, तर लातूरला १९११ साली बार्शी लाईट रेल्वे आली. अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडी. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा डब्यात चढावे, अशा तिच्या गोष्टी वडील माणसे सांगत. त्यांतल्या निम्म्या खऱ्या धरायला हरकत नाही. १९३२ साली निझामाच्या रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी मोटारखाते काढले आणि हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत मोटार पोचली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा देशभर मोटारींना मागे कोळशाची भट्टी जोडून तिच्या वायूवर त्या चालवीत. चढ आला की उतारूंनी खाली उतरावे. अशा गाडीला गतिरोधक घालणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे. इंग्लंडात तर एके काळी कायदाच होता: १८६५ सालापासून यंत्राच्या गाडीपुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, गाडीने गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल यांहून जोरात जाऊ नये. १८९६ साली ही बंधने उठली आणि तेव्हापासून निशाणवाल्याच्या जागी काय ठेवावे हा प्रश्न जगाला पडला आहे.

आमच्याकडे वेग आला तो दुष्काळाच्या मागून, हे विचित्र वाटेल, पण खरे आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. सडका होत होत्या, पण बेताबेतानेच. १९७२ साली पाऊस गेला. गावेच्या गावे खडी फोडायला बसली. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया दिवसभर खडी फोडीत, आणि त्यांच्या पोरांच्या हातांत सुकडीची वाटी असे. त्या बायांच्या हातची खडी अंथरूनच आमच्या कितीतरी गावांना पहिल्यांदा पक्का रस्ता मिळाला. मग रस्त्याच्या कडेला आधी पानाची टपरी आली, मग पिठाची गिरणी, मग बसथांबा, मग शाळेची नवी इमारत. गाव आपल्या जुन्या जागेवरून हळूहळू सरकत रस्त्याला येऊन चिकटले. पंधरा-वीस वर्षांत असे झाले की घर रस्त्याच्या या बाजूला, शाळा त्या बाजूला आणि मधून काळीपिवळी जीप. ज्या हातांनी खडी फोडली त्याच हातांना धरून नातवंडे रस्ता ओलांडू लागली.

आता थोडे सातासमुद्रांपलीकडे जाऊन येऊ. उंचवट्याचा पहिला ठळक उल्लेख सापडतो तो अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातल्या चॅटम गावाचा. १९०६ साली त्या गावाने ठरविले की पायी ओलांडण्याच्या वाटा रस्त्याहून पाच इंच उंच करावयाच्या, म्हणजे मोटारवाले आपोआप वळणावर येतील. पुढे १९५३ साली या विषयाला एक थोर माणूस लाभला. आर्थर कॉम्प्टन हे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक १९२७ साली मिळविलेले शास्त्रज्ञ. प्रकाशाचे कण इलेक्ट्रॉनला धडकल्यावर काय होते, हे त्यांनी जगाला दाखविले. अणुबाँबच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, तेव्हा आवारातून भरधाव जाणाऱ्या मोटारी पाहून त्यांना राहवेना. त्यांनी स्वतः गणित मांडून रस्त्यावरचे उंचवटे आखले. अणू फोडणाऱ्यांच्या पंगतीतला माणूस शेवटी पोरांच्या मोटारींपुढे हात टेकून रस्त्यावर उंचवटा घालतो, हे वाचून मला आमच्या मुख्याध्यापकांची आठवण झाली.

परंतु या सगळ्या कथेतला माझा नायक कॉम्प्टन नव्हे. तो मान वॉट्स नावाच्या इंग्रज संशोधकाचा. इंग्लंडच्या सरकारी रस्ते-संशोधन संस्थेत त्यांनी १९७३ साली निरनिराळ्या आकारांचे उंचवटे करून त्यांवरून सायकलीपासून बसपर्यंत वाहने नेऊन पाहिली. त्यांत एक गोष्ट ध्यानात आली. ती वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

गोष्ट अशी: आखूड, टोकदार उंचवट्यावरून गाडी जोरात नेली तर धक्का वाढतच जातो असे नाही, एका मर्यादेपुढे तो आत बसलेल्याला उलट कमी जाणवतो. चाक उडते, टायर दबतो, स्प्रिंगा तो हिसका गिळून टाकतात आणि गाडीचे धड वर उठायच्या आत उंचवटा मागे पडलेला असतो. जो हळू जातो, ज्याच्या गाडीला स्प्रिंग नाही, त्याला मात्र पुरता धक्का. म्हणून वॉट्स यांनी उंचवटा लांब केला: १२ फूट लांब, ४ इंच उंच, पाठ कासवासारखी. त्यावर अख्खी गाडी चढते आणि उतरते. सावकाश गेल्यास पाळण्यात बसल्यासारखे वाटते. जोरात गेल्यास डोके छताला. जितका वेग तितकी शिक्षा.

हे मोजमाप आपल्या देशाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांची समिती नेमली गेली. तेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने घातलेल्या पायावर १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. १९४३ साली नागपुरात अभियंत्यांनी बसून राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचा आणि खेड्याचा अशा रस्त्यांच्या पायऱ्या ठरविल्या. आणि १९८८ साली याच संस्थेने गतिरोधकाची पुस्तिका काढली. तिच्यात सगळे आहे. लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. १७ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याचा वरचा तुकडा कापून घेतला तर जशी पाठ येईल तशी पाठ. ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा असा. त्यावर काळेपांढरे पट्टे हवेत, ४० मीटर अलीकडे पाटी हवी. आणि मुख्य म्हणजे, तो दुय्यम रस्त्यांवरच घालावा. मोठ्या सडकांचे हे काम नव्हे. २०१८ साली ती पुस्तिका नव्याने निघाली. वॉट्स यांचे १२ फूट आणि आपले ३.७ मीटर हे एकच. म्हणजे औषध ठाऊक आहे, मात्राही लिहून ठेवली आहे. पण आमच्या गावात येताना बारा फुटांचा एक हात कसा झाला?

तो कसा होतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नुसते पाहिले नाही. त्यात माझे हात आहेत.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नांदेडला आम्ही राहतो त्या वसाहतीच्या वळणावर शाळेचे मागचे फाटक उघडते. एका संध्याकाळी शाळा सुटली, आणि तिसरीतला एक मुलगा, माझ्याच वर्गातला, फाटकातून धावत निघाला. जीप आली. मुलगा वाचला; पाय मात्र कायमचा अधू झाला. लोक रस्त्यावर बसले. साहेब आले, त्यांनी गतिरोधक देण्याचा शब्द दिला, लोक उठले. आठ दिवस गेले, महिना गेला. मग एका रात्री वसाहतीतल्या आम्ही दहा-बारा जणांनी ठरविले की आपणच करायचे. शेजारी एक घर बांधणे चालले होते. तिथली खडी आणि मुरूम घेतला, दोन पोती सिमेंट वर्गणीतून आणले. घमेली मी उचलली. फळी कुणाकडे होती, थापी कुणाकडे. टेप मात्र कुणाकडेच नव्हती आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही. रागाच्या भरात माणूस मोजीत नाही. चांगला उंच करा, असे मीच म्हणालो. चांगला उंच, म्हणजे समजेल त्यांना. आमच्या सौ.नी मध्यरात्री सगळ्यांना चहा करून पाजला.

सहा-सात आठवड्यांनी सौ. भाच्याच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसून बाजारातून येत होत्या. मांडीवर भाजीची पिशवी. भारनियमनाचे दिवस, रस्त्यावर मिट्ट काळोख. पट्टे आम्ही मारले नव्हते, पाटी लावली नव्हती. भाचा परगावचा, त्याला उंचवट्याची माहिती नव्हती. सौ. पडल्या, त्यांच्या उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले. हाड जुळले, पण अनारसे थापताना अजूनही त्यांचा हात लवकर भरून येतो. खसखशीवर चार थापले की थांबतात, खांदा दाबतात, मग पाचवा. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. दवाखान्यात एकदाच म्हणाल्या, “उंच झाला होता हो थोडा.”

आणि ती जीप? ती त्याच रस्त्याने रोज जात होती. आमच्या उंचवट्यावरून पूर्वीच्याच वेगाने. तिला काही होत नव्हते. मला वाटे, हा चालक मोठा निगरगट्ट आहे. वॉट्स वाचले तेव्हा कळले की निगरगट्ट आमचा उंचवटा होता. त्याने नेमके तिला सोडले आणि स्कूटरवरच्या बाईला धरले.

त्यानंतर मी भाऊबिजेच्या वाटेवर लोकांना विचारीत जाऊ लागलो. प्रवासात मास्तर काही विचारू लागला की माणसे उत्तर देतात, ही आमच्याकडची रीत अजून टिकून आहे. एका नाक्यावरचा चहावाला म्हणाला, ब्रेकर आहे म्हणून गाडी थांबते, गाडी थांबते म्हणून माझे घर चालते. उद्या काढला तर मी काय करू? त्याच्या शेजारी पेरू आणि शेंगा विकणाऱ्या बायांचेही तेच मत. अर्धापूरच्या बाजूचा केळीचा व्यापारी त्याच ब्रेकरला शिव्या देत होता, कारण घड खाली-वर आपटून काळे पडतात आणि बाजारात काळ्या केळीला भाव नाही. रिक्षावाल्याने सांगितले की बाळंतपणाच्या वाटेवरच्या बाईला घेऊन जायचे असले की तो लांबच्या गल्लीने जातो. एक म्हातारी म्हणाली, “राहू द्या बाबा, लेकरं शाळेला जातेत.” तिला खांदा, केळी, तांबे काही सांगून उपयोग नव्हता, आणि तिचे चूकही नव्हते.

माझ्या मनात घर करून राहिला तो मात्र एक ऊसतोडकरी. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि टायरगाड्यांच्या ओळी सडकेला लागतात. रिकामी गाडी घेऊन तो निघाला होता, आमची एस.टी. पंक्चर झाली म्हणून मी झाडाखाली उभा. त्याने ब्रेकरच्या अलीकडे गाडी थांबविली, खाली उतरला, बैलांच्या कासऱ्याला धरून पायी त्यांना वर चढवू लागला. म्हणाला, भरलेल्या गाडीला चढताना बैल गुडघ्यावर येतो, आणि उतरताना सगळा भार जुवावरून त्याच्या मानेवर येतो. तेव्हा आम्ही ब्रेकर आला की उतरतोच. मी विचारले, ताशी किती वेगाने जाता? तो हसला. ज्याच्यासाठी वेग अडवायचा त्या यादीत हा माणूस कुठेच नव्हता. आणि उंचवट्याला नमस्कार करून जाणारा त्या सबंध सडकेवर तोच एक होता.

२०१६ साली केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाकण्याच्या सूचना दिल्या. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड करीत विदर्भात जाणारी आमची सडक राष्ट्रीय महामार्ग आहे. तत्त्वतः ते योग्यच. पुस्तिकेतही तेच आहे. पण महामार्ग म्हणजे माणसे नसलेला रस्ता, हे कागदावर. प्रत्यक्षात त्याच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असते, हे बहात्तर सालापासून चालत आलेले आहे. काढलेल्या जागी पूल, भुयार, कुंपण असे काही झाले तर लोक मुकाट राहतात. नाहीतर पुढच्या अपघाताच्या रात्री पुन्हा कुणीतरी घमेले उचलतो.

लोकांनी परस्पर रस्ता अडविणे ही काही केवळ आमचीच खोड नव्हे. हॉलंडात डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी १९६० नंतरच्या दशकात असेच केले. गल्लीतून मोटारी सुसाट जात, मुलांना खेळायला जागा उरली नव्हती. तेव्हा त्यांनी रस्त्यातच फरशा उचकटून, झाडांच्या कुंड्या आणि बाके मांडून मोटारींना नागमोडी वाट करून दिली. औशा-उदगिराच्या गवंड्याने हत्तीला दिली होती तशीच! फरक पुढे पडला. तिथल्या नगरपालिकेने ती बाके उचलून नेली नाहीत. अभियंते आले, त्यांनी मोजले, आखले आणि १९७६ साली अशा गल्ल्यांना सरकारने कायद्याची मान्यता दिली. रहिवाशांची युक्ती आणि अभियंत्याची टेप यांची गाठ पडली. आमच्याकडे बहुधा या दोघांची चुकामूक होते: आम्ही रात्री घालतो, ते दिवसा पाहून न पाहिल्यासारखे करतात; आणि मग केव्हातरी डांबराचा नवा थर येतो, त्यात निम्मा बुजतो. आमच्या वसाहतीतला उंचवटा असाच दोन थरांत बुजत आला आहे. तो मुलगा आता तिशीला टेकला. परवा त्याच वळणावर भेटला. स्कूटर सावकाश केली, “नमस्कार गुरुजी” म्हणाला आणि गेला.

गेल्या भाऊबिजेला मी डब्याबरोबर एक टेपही नेली. ओवाळणी झाल्यावर अक्काच्या नातवाला घेऊन रस्त्यावर गेलो. गाड्यांची ये-जा पाहत, मध्ये मध्ये पळत आम्ही तिच्या शत्रूचे माप घेतले. रुंदी दीड फूट, उंची सात इंच. नातवाने ते मोबाईलमध्ये लिहून घेतले. अक्का दारात उभी राहून “वेड लागलं का दोघांना” म्हणत होती. पाहणारे चार जण जमले आणि त्यांनी चार मते दिली.

दुपारी मी महापालिकेला अर्ज लिहिला. उंचवटा काढा, असे त्यात लिहिले नाही. ठेवा, असेही नाही. दीड फुटाचा बारा फूट करा, सात इंचांचा चार इंच करा, पट्टे मारा, अलीकडे पाटी लावा, असे लिहिले आणि पुस्तिकेचे साल घातले. अक्काला वाचून दाखविला.

“म्हणजे तांबे वाजायचे नाहीत का?”

“कमी वाजतील,” मी म्हणालो. “ट्रॉली मुळात हळू आली तर.”

“आणि हळू नाही आली तर?”

“तर चालकाचं डोकं वाजेल.”

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग चष्मा लावून तिने सही केली, आणि तिच्याखाली दाजींनी, आणि त्यांच्याखाली त्या चार जणांपैकी तिघांनी. चौथ्याची टायरची दुकान आहे. तो विचार करून सांगतो म्हणाला.

अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. यंदा सौ.नी अनारशांच्या प्रत्येक थराखाली जुन्या धोतराची मऊ घडी घातली आहे, आणि शिरूर ताजबंदपर्यंत तरी डबा मी हातांवर अधांतरी धरणार आहे.